'पर्सन' म्हणजे कोण ?

कायद्याच्या पुस्तकांत जे शब्द अवघड असतात त्यांजपासून सामान्य जनांस फारसें भय नसतें. कारण अवघड शब्द दिसतांच मनुष्य सावध होतो, आणि चार जाणत्यांस विचारून त्याचा अर्थ लावून घेतो. भय असतें तें सोप्या शब्दांचें. जो शब्द शाळेंतल्या पोरासहि येतो, ज्याचा अर्थ विचारावयाची कोणास लाजच वाटावी, अशा शब्दाच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहाण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि मग एके दिवशीं न्यायालयाच्या पायरीवर उभें असतां कळतें कीं, ज्या शब्दांत आपण आहों असें आपण जन्मभर समजत होतों, त्या शब्दांत आपणांस जागाच नव्हती. इंग्रजी भाषेंतील 'पर्सन' हा शब्द ह्याच जातीचा आहे. आमच्याकडील शाळांतून त्याचा अर्थ 'व्यक्ति, माणूस' असा सांगतात, आणि तो चुकीचाहि नाहीं. परंतु एवढ्याशा ह्या शब्दाच्या अर्थाविषयीं लंडन, एडिंबरो, कलकत्ता, पाटणा व ओटावा येथील मोठमोठ्या न्यायाधीशांनीं साठ वर्षें काथ्याकूट केला. आणि वादाचा मुद्दा काय, तर स्त्री ही 'पर्सन' आहे किंवा नाहीं! हा इतिहास केवळ मौजेखातर सांगण्यासारखा नाहीं. त्यांत आमच्या घरांस व आमच्या गांवांस लागू पडणारें असें कांहीं आहे, म्हणून तो आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या शब्दाचे अर्थ पाहूं. मूळ लॅटिन भाषेंत 'पर्सोना' म्हणजे नटानें तोंडावर चढवावयाचा मुखवटा. आमच्याकडे बोहाड्यांत जशीं सोंगें निघतात, तशी रोमन रंगभूमीवर मुखवट्यावरून पात्राची ओळख पटत असे. पुढें मुखवट्यावरून तो शब्द भूमिकेवर गेला, आणि भूमिकेवरून ती वठविणाऱ्या मनुष्यावर आला. ख्रिस्ती धर्मशास्त्रांत एकाच ईश्वराच्या ठिकाणीं तीन 'पर्सन' मानिले आहेत. इंग्लंडांतील खेड्याच्या धर्मोपदेशकास 'पार्सन' म्हणतात, तोहि ह्याच शब्दाचा भाऊ. चर्च ही वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं, तिची मूर्ति म्हणजे हा धर्मोपदेशक, अशी त्याची उपपत्ति तेथील जुने कायदेपंडित सांगत. एखादा गृहस्थ सभेस 'इन् पर्सन' आला म्हणजे तो जातीनें आला. १८६१ च्या इंग्रजी फौजदारी कायद्यांत 'पर्सन'विरुद्धचे गुन्हे सांगितले आहेत, तेथें शब्दाचा अर्थ शरीर. व्याकरणांत बोलणारा, ऐकणारा व ज्याविषयीं बोलावयाचें तो, असे तीन 'पर्सन' असतात. त्यांस आमचे व्याकरणकार काय म्हणतात हें वाचकांनीं क्षणभर आठवावें. ते त्यांस 'पुरुष' म्हणतात ! आमची मुलगी 'मी जातें' असें म्हणाली तरी तिचें क्रियापद प्रथमपुरुषीच. आणि सरतेशेवटीं कायद्यांतला अर्थ : ज्याच्या ठिकाणीं हक्क व कर्तव्यें राहूं शकतात, जो दावा लावूं शकतो व ज्याच्यावर दावा लागूं शकतो, तो 'पर्सन'. सर्व वाद ह्या शेवटच्या अर्थाचा आहे.

येथवर सांगितलेल्या अर्थांपैकीं एकांतहि दाढीमिशांची अट नाहीं. म्हणूनच जॉन स्टुअर्ट मिल्ल ह्यानें १८६७ च्या मे महिन्यांत पार्लमेंटांत एक अगदीं साधी दिसणारी सूचना आणिली. मताधिकार वाढविण्याचें बिल त्या वेळीं सभेपुढें होतें. त्यांत 'मॅन' असा शब्द होता. त्याच्या जागीं 'पर्सन' असा शब्द घालावा, एवढीच मिल्लची सूचना. शब्दांचा हा अदलाबदल म्हणजे काय हें सभासदांनीं तत्काळ ओळखलें, आणि ७३ विरुद्ध १९६ मतांनीं ती सूचना फेटाळून लाविली. परंतु स्त्रियांच्या कैवाऱ्यांनीं हार खाल्ली नाहीं. १८५० सालीं झालेल्या एका कायद्यांत असें स्पष्ट म्हटलें होतें कीं, पार्लमेंटच्या कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत, उलट कांहीं सांगितलें नसेल तर, स्त्रियांचाहि समावेश समजावा. मग 'मॅन' म्हटलें म्हणून काय झालें ? स्वतःच्या नांवानें घरपट्टी भरणाऱ्या मँचेस्टरच्या ५,३४६ स्त्रियांनीं मतदारांच्या यादींत नांव घालण्याविषयीं अर्ज केले. १८६८ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, ह्या कामीं 'मॅन' ह्या शब्दांत स्त्री येत नाहीं. स्त्रियांनीं मत देण्याची वहिवाट इंग्लंडांत नव्हती, आणि एवढी मोठी गोष्ट पार्लमेंट अशी आडवाटेनें करणार नाहीं, हें त्याचें कारण.

ह्या निकालापासून जो प्रकार दृष्टीस पडतो तो ध्यानांत धरण्यासारखा आहे. ज्या कायद्यांत कर द्यावयाचा, दंड भरावयाचा किंवा तुरुंगांत जावयाचें असे, त्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्री येते किंवा नाहीं ह्याची शंका कोणत्याहि न्यायाधीशास कधीं आली नाहीं. चोरी करणारा 'तो' असें लिहिलें असलें तरी चोरी करणारी 'ती' सुटली, असें एकहि उदाहरण नाहीं. शंका येई ती मत देण्याच्या, अधिकार चालविण्याच्या किंवा पोट भरण्याचा प्रतिष्ठित धंदा करण्याच्या वेळीं. बोजा उचलतांना शब्द रुंद, आणि वांटा घेतांना तोच शब्द अरुंद ! शब्दकोशांत ह्या दोन अर्थांस निरनिराळे अंक दिलेले आढळणार नाहींत. परंतु व्यवहारांत ते होते, व ज्यांस ते भोगावे लागले त्यांस ते पाठ होते.

बरें, 'मॅन' जाऊन 'पर्सन' आला म्हणजे तरी अडचण दूर झाली काय ? तेंहि नाहीं. स्कॉटलंडांतील विश्वविद्यालयांच्या पदवीधरांस पार्लमेंटांत प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क १८६८ च्या कायद्यानें दिला होता, आणि त्यांत शब्द 'पर्सन' असाच होता. पुढें तेथें स्त्रियांस पदव्या मिळूं लागल्या. पदवीधर स्त्रियांनीं मतपत्रिका मागितल्या; त्या मिळाल्या नाहींत; प्रकरण एडिंबरोहून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें, आणि १९०८ सालीं तेथील न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं, ह्या 'पर्सन'मध्यें स्त्रिया नाहींत. पांच वर्षांनीं, १९१३ सालीं, ऑक्सफर्ड येथें कायद्याच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत आलेल्या ग्वेनेथ बेब ह्या बाईंनीं सॉलिसिटर होण्याचा हक्क मागितला. १८४३ च्या सॉलिसिटरांच्या कायद्यांतहि 'पर्सन' हा शब्द होता, आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया समजाव्या असें कलमहि होतें. तरीहि निकाल तोच. वहिवाट नव्हती, म्हणून हक्क नाहीं; आणि हक्क नाहीं, म्हणून वहिवाट पडणार नाहीं ! हें चक्र आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. विधवांच्या व मुलींच्या शिक्षणाच्या वादांत तें आमच्याकडे कित्येक वर्षें फिरत होतें.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. नाशिक येथें १८६६ सालीं जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेंतील यशामुळें विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ति त्यांस मिळावयाची, ती त्या स्त्री म्हणून मिळाली नाहीं. इतरांच्या साह्यानें त्या ऑक्सफर्डास गेल्या, आणि १८९२ सालीं तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. पदवी मात्र हातीं पडावयास तीस वर्षें लागलीं. स्वदेशीं परत आल्यावर १८९६ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयांत खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावास त्या उभ्या राहिल्या. हें घडलें कसें ? त्या वेळच्या फौजदारी संहितेंत वकिलाच्या व्याख्येंत, न्यायालयाच्या परवानगीनें नेमलेला दुसरा कोणीहि 'पर्सन' चालेल, अशी सवड होती, म्हणून. पुण्यास ज्या शब्दानें दार उघडलें त्याच शब्दानें वीस वर्षांनीं कलकत्त्यास तें बंद झालें. रेजिना गुहा ह्या कायद्याच्या पदवीधर बाईंनीं वकिलीची सनद मागितली, तेव्हां १९१६ सालीं तेथील हायकोर्टाच्या पांच न्यायाधीशांनीं असें ठरविलें कीं, १८७९ च्या वकिलांच्या कायद्यांत स्त्रिया अभिप्रेत नाहींत. १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा ह्यांस हेंच उत्तर मिळालें. त्याच वर्षीं अलाहाबादच्या हायकोर्टानें मात्र सोराबजीबाईंस वकील म्हणून नोंदून घेतलें. कायदा सगळीकडे इंग्रजांचाच. परंतु गंगेच्या वरच्या अंगास स्त्री 'पर्सन' आणि खालच्या अंगास नव्हे, अशी विचित्र स्थिति झाली. तेव्हां १९२३ सालीं स्वतंत्र कायदा करून, केवळ स्त्री ह्या कारणानें कोणास वकिलीस अपात्र समजूं नये, असें स्पष्ट शब्दांनीं सांगावें लागलें.

ह्याच काळांत 'पर्सन' ह्या शब्दांत कोण कोण सुखानें नांदत होते तें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. १८९७ च्या हिंदुस्थानच्या सर्वसाधारण कलमांच्या कायद्यांत, 'पर्सन' म्हणजे कंपनी व मंडळी सुद्धां, असें लिहिलेलें आहे. त्याच्या आदल्या वर्षीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें सालोमन नांवाच्या चांभारी मालाच्या व्यापाऱ्याच्या खटल्यांत ठरविलें कीं, त्याची कंपनी हा त्याच्याहून अगदीं निराळा 'पर्सन' आहे. अमेरिकेंत गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांच्या रक्षणार्थ १८६८ सालीं जी घटनादुरुस्ती झाली, तिच्यांतील 'पर्सन' ह्या शब्दाचा लाभ १८८६ सालीं रेल्वे कंपनीस मिळाला. तेंच न्यायालय १८७५ सालीं स्त्रियांस म्हणालें होतें कीं, तुम्ही 'पर्सन' आहां, नागरिकहि आहां, परंतु म्हणून तुम्हांस मत नाहीं. देवळांतील मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें 'पर्सन' आहे, तिची मालमत्ता असूं शकते, तिच्या वतीनें दावा चालतो, हें आमच्या न्यायालयांनीं पूर्वींच मानिलें होतें, आणि १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तर देवतेच्या हिताकरितां स्वतंत्र प्रतिनिधि असावा, इतपत विचार केला. ह्यांपैकीं कशासहि आमचा विरोध नाहीं. कंपन्यांवांचून व्यापार चालत नाहीं, आणि देवस्थानांच्या मिळकतीचें रक्षण झालेंच पाहिजे. परंतु भागभांडवलाच्या कागदास जें मिळालें, पाषाणास जें मिळालें, तें कायद्याची परीक्षा उतरलेल्या जिवंत स्त्रीस मिळण्यास अडचण पडावी, ह्यास काय म्हणावें ?

आणि ह्याहून भयंकर उदाहरण अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेंत आहे. १७८७ सालीं ती लिहिणाऱ्यांनीं 'गुलाम' हा शब्द कटाक्षानें टाळला. प्रतिनिधींची संख्या ठरविण्याकरितां लोकसंख्या मोजतांना स्वतंत्र लोक पूर्ण धरावे, आणि 'इतर सर्व पर्सन' तीनपंचमांश धरावे, असें त्यांनीं लिहिलें. ते 'इतर पर्सन' म्हणजे गुलाम. येथें तर शब्दानें त्यांस 'पर्सन' म्हटलें, तें त्यांस हक्क देण्याकरितां नव्हे, तर त्यांच्या धन्यांच्या प्रांतांस अधिक प्रतिनिधि मिळावे म्हणून ! मोठा व सभ्य शब्द वापरल्यानें माणुसकी येत नाहीं, हें ह्याहून अधिक स्पष्ट कोठें दिसणार ?

असो. ह्या कथेचा प्रसिद्ध शेवट कानडा देशांत झाला. तेथील १८६७ च्या राज्यघटनेप्रमाणें सेनेटांत 'योग्य पर्सन' नेमावयाचे असत. आल्बर्टा प्रांतांतील एमिली मर्फी, नेली मॅक्क्लंग, लुइस मॅकिनी, आयरिन पार्ल्बी व हेन्रिएटा एडवर्डस ह्या पांच स्त्रियांनीं विचारलें कीं, ह्या 'पर्सन'मध्यें स्त्री येते काय ? १९२८ च्या एप्रिलांत कानडाच्या वरिष्ठ न्यायालयानें, नाहीं, असें उत्तर दिलें. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे गेलें. १८ ऑक्टोबर १९२९ रोजीं लॉर्ड सँकी ह्यांनीं निकाल वाचला : स्त्रिया येतात. राज्यघटना ही वाढत्या झाडासारखी आहे, ती जुन्या चालीरीतींच्या कुंडींत कोंडूं नये. आणि 'पर्सन' ह्या शब्दांत स्त्री कां धरावी असें विचारणाऱ्यासच उलट विचारलें पाहिजे कीं, कां धरूं नये. असा त्या निकालाचा आशय आहे. त्या दिवशीं न्यायासनावर जे पांच जण होते, त्यांत सर लॅन्सलॉट सँडर्सन हे एक होते. हे गृहस्थ कोण ? १९१६ सालीं रेजिना गुहा ह्यांचा अर्ज फेटाळणाऱ्या कलकत्त्याच्या न्यायपीठाचे मुख्य न्यायाधीश ! दोन कायदे निरनिराळे होते हें खरें. तथापि शब्द तोच, वाचणारा तोच, आणि तेरा वर्षांत अर्थ फिरला. मध्यंतरीं महायुद्ध होऊन गेलें होतें; इंग्लंडांत १९१८ सालीं कांहीं स्त्रियांस आणि १९२८ सालीं सर्व प्रौढ स्त्रियांस मताधिकार मिळाला होता. कोश बदलला नव्हता, लोकमत बदललें होतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या न्यायाधीशांस तुम्ही उगाच दोष देतां. कायदा करणाऱ्यांच्या मनांत जें होतें तेंच सांगणें हें न्यायाधीशाचें काम, आणि १८६७ च्या पार्लमेंटच्या मनांत स्त्रिया नव्हत्या हें तर मिल्लच्या पराभवावरूनच सिद्ध आहे. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. न्यायाधीशानें आपल्या मनांतला कायदा पुस्तकांत घुसडूं लागावें हें आम्हांसहि इष्ट नाहीं. आज आपणांस आवडेल असा अर्थ तो काढील, उद्यां न आवडेल असा काढील. परंतु ह्यावरून निघणारें अनुमान निराळें आहे. तें असें कीं, कायदा करणाऱ्यांनीं मोघम शब्दाच्या पडद्याआड उभें राहूं नये; ज्यांस हक्क द्यावयाचा त्यांचें नांव घेऊन तो द्यावा. इंग्लंडच्या १९१९ च्या कायद्यानें स्त्रीत्वामुळें कोणी सार्वजनिक कामास अपात्र ठरूं नये असें म्हटलें. तरीहि १९२२ सालीं लेडी ऱ्होंडा ह्यांस हाउस ऑफ लॉर्ड्सांत आसन मिळालें नाहीं, आणि त्या सभेंत स्त्रियांनीं बसावयास १९५८ साल उजाडावें लागलें. फट ठेवली म्हणजे वारा आंत येतोच.

दुसरी एक गोष्ट, कटु असली तरी, सांगितलीच पाहिजे. कानडांतील त्या पांच स्त्रियांचें यश मोठें होय. परंतु त्यांपैकीं मर्फी, मॅक्क्लंग व पार्ल्बी ह्यांनींच, मंदबुद्धि ठरविलेल्या लोकांची संतति बंद करण्याच्या मोहिमेस पाठिंबा दिला. त्या मोहिमेंतून आल्बर्टांत १९२८ सालीं सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, तो १९७२ पर्यंत चालला. त्याच कानडांतील आदिवासी लोकांस आपली जमात न सोडतां देशाच्या निवडणुकींत मत देण्याचा सरसकट हक्क मिळावयास १९६० साल यावें लागलें. आपण आंत शिरलों म्हणजे दार लोटून घ्यावें, हा मोह सुधारकांसहि सुटलेला नाहीं. म्हणून एखाद्या वर्गास शब्दांत जागा मिळाली एवढ्यानें काम संपत नाहीं; बाहेर अजून कोण उभें आहे हें त्या वर्गानें प्रथम पाहिलें पाहिजे, कारण बाहेर उभें राहाण्याचें दुःख त्यास ताजें असतें.

आमच्या राज्यघटनेनें ह्या बाबतींत पुष्कळ शहाणपण दाखविलें आहे. तिच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांत 'पर्सन' असा व्यापक शब्द आहे, म्हणजे समता व जीवित ह्यांचें रक्षण नागरिकांपुरतेंच नाहीं. आणि १५ व्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान हीं नांवें घेऊन भेदास बंदी आहे. शब्द मोठा ठेविला, आणि फटीहि बुजविल्या. ह्याच बळावर २०१४ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, १४ व्या अनुच्छेदांतील 'पर्सन' म्हणजे केवळ पुरुष किंवा स्त्री नव्हे. तृतीयपंथीयहि त्यांत आहेत. हें सांगावयास घटना अंमलांत आल्यावर चौसष्ट वर्षें लागलीं. २०१७ च्या मार्चांत उत्तराखंडच्या हायकोर्टानें गंगा व यमुना ह्या नद्यांस 'पर्सन' ठरविलें, आणि जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिती दिली. म्हणजे शब्दाचा प्रवास अजून चालूच आहे.

आतां आपल्या घरांत पाहूं. मराठींत 'व्यक्ति' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ह्याचा आम्हांस अभिमान वाटावा. पण पोलिसांच्या व कचेरीच्या मराठींत जो 'सदर इसम' असतो तो पुल्लिंगीच. 'कर्ता पुरुष' हा शब्द तर घराघरांत आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत जन्मतः वांटा मिळण्यापुरते १९५६ च्या कायद्यानें मुलगेच धरिले होते. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींस तो हक्क दिला, सर्व देशाचा कायदा २००५ सालीं बदलला, आणि हा हक्क जन्मानें येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निःसंदिग्धपणें सांगितलें. पुस्तकांतील 'पर्सन' पुरा झाला. परंतु बाप वारल्यावर किती घरांत बहिणींस तालुक्याच्या गांवीं नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. 'माहेर तुटेल' ह्या एका वाक्यापुढें तीन कायदे निरुपयोगी होतात. ज्या बहिणीनें खुषीनें, समजून उमजून हक्क सोडला, तिच्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु 'सही कर' म्हणण्यापूर्वीं तिचा वांटा किती, हें तिला सांगणारे भाऊ किती आहेत, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

गांवाचीहि तीच कथा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांस दिल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. पुष्कळ बाया आज उत्तम कारभार करीत आहेत, आणि त्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु जेथें सरपंचबाई घरीं, आणि सभेंत खुर्चीवर त्यांचे यजमान, आणि कागदावर सही मात्र बाईंची, तेथें काय झालें ? तेथें 'पर्सन' हा शब्द दोन हजार वर्षें मागें जाऊन आपल्या मूळ अर्थावर, मुखवट्यावर, आला ! मुखवटा बाईचा, आंतून बोलणारा दुसराच.

आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. कायदा असो, संस्थेची घटना असो, न्यासपत्र असो, कीं घरांतील वांटणीचा कागद असो; त्यांत 'व्यक्ति', 'सभासद', 'वारस' असा रुंद शब्द दिसला कीं समाधान मानून पुढें जाऊं नये. ह्यांत कोण धरलें आहे, आणि कोण धरलें नाहीं, असें तेथल्या तेथें विचारावें, व उत्तर कागदावर घ्यावें. आणि ज्याच्या हक्काचा तो शब्द आहे त्यानें तो स्वतः वाचावा. दुसऱ्याकडून वाचून घेऊं नये. म्हणून आमची आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, पुढच्या वेळीं बहिणीपुढें कागद ठेवाल, तेव्हां बोट सहीच्या जागेवर ठेवूं नका. पहिल्या ओळीवर ठेवा, आणि ती वाचून होईपर्यंत थांबा.